देवगडचा आंबा निघाला कुठून?

गेल्या एप्रिलमध्ये मी नागपूरच्या आत्यासाठी हापूसची दोन डझनांची पेटी ऑनलाइन मागवली. विक्रेत्याच्या पानावर ‘देवगडच्या बागेतून थेट तुमच्या दारी’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते, खाली कातळावरच्या कलमांचे छायाचित्र होते आणि भावही देवगडचाच होता. पैसे भरल्यावर कुरियरचा क्रमांक आला. पेटी कुठवर पोहोचली हे पाहायला गेले, तर पहिलीच नोंद बेंगळुरूची निघाली. देवगडहून नागपूरला जायची पेटी बेंगळुरूत उचलली जाण्याचे मला तरी काही कारण दिसेना. विक्रेत्याला विचारले तेव्हा ‘आमचे गोदाम तिकडे आहे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणेही बंद झाले.

आत्याचे बालपण मालवणात गेले. तिने पेटी उघडली, एक फळ कापले आणि मला फोन करून सांगितले, “गोड आसा गो, पण आपल्याकडचो नाय.”

यात कर्नाटकातल्या आंब्याला मी कमी लेखत नाही. तिथेही हापूसची लागवड मोठी आहे, जात तीच आहे आणि तिथल्या शेतकऱ्यानेही वर्षभर घाम गाळलेला असतो. त्याचे फळ दुसऱ्या गावाच्या नावाने विकले गेले, तर वरचा पैसा मधल्या माणसाच्या खिशात जातो आणि त्या शेतकऱ्याच्या गावाचे नाव ग्राहकाला कधी कळतच नाही. इकडे देवगडच्या बागायतदाराने मोहोरावर फवारण्या केलेल्या असतात, माकडांपासून बाग राखलेली असते, एकेक फळ झेल्याने देठासकट उतरवलेले असते. त्याने आपला खर्च धरून भाव सांगितला की ‘ऑनलाइन तर देवगड स्वस्त मिळतो’ असे ग्राहक त्यालाच ऐकवतो. या एका खोट्या पत्त्याने दोन्ही राज्यांतल्या शेतकऱ्यांचे नुकसान होते, हे मला सर्वांत जास्त खुपते.

कायदा नाही असेही नाही. कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येण्याचे कायदेशीर संरक्षण) मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार खोटे मानांकन लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचा पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखवणे बंधनकारक केले आहे. अडचण इथेच आहे, कारण देवगडचा आंबाही भारतातला आणि तुमकुरूचाही भारतातलाच. ‘मूळ देश : भारत’ एवढे लिहिले की नियम पाळला जातो आणि आत्याची फसवणूक तशीच राहते. विक्रेत्याचा पत्ता म्हणून जो छापला जातो, तो कंपनीच्या कार्यालयाचा असू शकतो. माल तिथून निघतो असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

माल खरोखर कुठून उचलला, याची नोंद मात्र कुरियरकडे पहिल्या क्षणापासून असते, कारण उचलण्याच्या ठिकाणाच्या पिनकोडशिवाय पार्सल हलतच नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: नाशवंत माल विकणाऱ्या प्रत्येक ऑनलाइन पानावर तो पिनकोड पैसे भरण्याआधी ग्राहकाला दिसला पाहिजे. सिंधुदुर्गाचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात आणि बेंगळुरूचे ५६० ने, एवढे तर कोणालाही ओळखता येते. आंब्याच्या बाबतीत याला आणखी अर्थ आहे, कारण झाडावरून उतरल्यापासून फळ पिकू लागते. ते कोणत्या गोदामात किती दिवस पडून होते, हे कळले नाही तर पेटी आल्यावर अर्धी फळे नासलेली का निघाली, हेही कळत नाही.

पिनकोडने सगळे प्रश्न सुटतील असे मी म्हणत नाही. बाहेरचा आंबा देवगडला आणून तिथून पाठवला, तर पिनकोड खरा आणि आंबा खोटा, असेही होईल. त्यासाठी देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर लावायचे क्रमांकित स्टिकर आणले आहेत आणि तो क्रमांक व्हॉट्सअॅपवरून पडताळता येतो. आत्याच्या पेटीतल्या एकाही फळावर असे स्टिकर नव्हते. ते मी आधी विचारायला हवे होते, पण ‘थेट बागेतून’ या शब्दांवर विश्वास ठेवणे हा ग्राहकाचा गुन्हा ठरू नये.

त्या पानाचा आणि कुरियरच्या पहिल्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ज्यांच्या पेटीचा प्रवासही असाच भलत्या गावाहून सुरू झाला असेल, त्यांनी या दोन गोष्टी पुसल्या जाण्याआधी जपून ठेवाव्यात आणि आपलीही तक्रार नोंदवावी.