नातवाची वाकळ

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानावर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. मात्र तिचा एक परिणाम असा की, बाळाच्या वाकळेचा रंग कोणता असावा यावरचे मतभेद नऊ महिने मनात साठून राहतात आणि मूल जन्मताच प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात एकदम बाहेर पडतात. लेकीचे पहिले बाळंतपण लातूरला आमच्याकडे झाले, मुलगा झाला आणि बाळंतविड्यातील वाकळ बारशाआधी तयार करणे रीतीप्रमाणे आमच्याकडे आले. शिवणार होती पत्नी. रंगाचा निर्णय तेवढा सर्वांनी एकमताने माझ्यावर सोपवला, कारण वाईटपणा घेणारा माणूस प्रत्येक घरात लागतोच.

मुलगा म्हणजे निळा, असे जावयांच्या धाकट्या बहिणीने पुण्याहून कळवले. निवृत्त शिक्षकाच्या सवयीने मी तिला सांगितले की, १९१८ साली अमेरिकेतील मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी हा ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा हा नाजूक म्हणून मुलींना सुचवला होता. "बरं, काका," असे म्हणून तिने निळ्या वाकळेची छायाचित्रे पाठवली. विहीणबाईंना हळदीचा पिवळा हवा होता. काळे मात्र लेकराच्या जवळसुद्धा नको, असे माझ्या आत्याबाईंनी बजावले, गालावरची तीट, कमरेचा करगोटा आणि बोरन्हाणाचे झबले काळेच असते, हे मी दाखवून दिल्यावर त्या म्हणाल्या, "ते येगळं." या उत्तरापुढे कोणाचेही काही चालत नाही.

भगवा, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांबाबत शेजारच्या माजी ग्रामपंचायत सदस्यांनी मला बाजूला घेऊन समजावले. मराठवाड्यात दोरीवर वाळत घातलेला एकरंगी कपडा हा कपडा राहत नाही, ती भूमिका होते. "गुरुजी, समदे रंग थोडे थोडे घ्या," हा त्यांचा सल्ला राजकीय असला तरी वाकळेच्या शास्त्राला धरून होता.

तरीही मी बाजारातून लालभडक सुती कापड आणले. दुकानदाराने रंग पक्का असल्याची ग्वाही दिली होती. पत्नीने ओल्या पांढऱ्या रुमालाने ते कापड घासले आणि रुमाल गुलाबी करून ती ग्वाही मला परत केली. तान्हे मूल हाताला लागेल ते चोखते, त्यामुळे तिची ही परीक्षा माझ्या सौंदर्यदृष्टीपेक्षा वरच्या दर्जाची ठरली. काही घातक ॲझो रंगांवर केंद्र सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली आहे, हे मी सांगू लागलो तोवर तिने पेटीतून माझ्या आईचे इरकली लुगडे आणि वडिलांचे धोतर काढले होते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या त्या कापडांचा जो रंग जायचा तो केव्हाच गेला होता. विहीणबाईंनी पाठवलेले आरसे, मोती आणि गोंडे तिने आदराने डब्यात ठेवले, कारण सुटलेला मणी थेट घशात जातो. लोंबता दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, म्हणून धावदोऱ्याचे टाकेही तिने अगदी जवळजवळ घातले.

एवढ्या खटाटोपानंतर बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की, वर्षाचे होईपर्यंत झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा शेजारी वाकळ, उशी, लोड काहीही नको. सपाट, घट्ट गादीवर त्याला उताणे झोपवावे. मऊ कापड नाकावर आले तर ते बाजूला सारण्याची ताकद त्याच्यात नसते आणि जास्त पांघरल्याने अंग तापते, तेही धोक्याचेच. "मग आमची लेकरं काय उघडी झोपली?" असे आत्याबाईंनी विचारले. बाहेर एप्रिलचे लातूर चाळिशीपार तापले होते आणि आत्याबाई बाळाचे गार तळवे दाखवून थंडी सिद्ध करीत होत्या. तळवे गार असतातच, मानेला किंवा पाठीला हात लावून पाहावे, असे लेकीने सांगितले. मानेला घाम होता.

रंगाच्या वादाचाही निकाल त्याच भेटीत लागला. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचेच जरा स्पष्ट दिसते आणि त्यातही नजर ठरते ती ठळक काळ्यापांढऱ्यावर; रंगांची जाण चांगली येते ती चार-पाच महिन्यांनी. त्यामुळे बाळ जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, सतरंजीवर अंथरलेल्या वाकळेवर त्याला थोडा वेळ पालथे घातले की ते निळे, पिवळे, हिरवे सगळे ठिगळ सोडून लुगड्याच्या काळ्या काठाकडे एकटक पाहते. आत्याबाईंनी हे पाहिले आहे आणि त्या विषयावर त्या बोलत नाहीत.

रात्री वाकळ लोखंडी पेटीत असते. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली लेकीच्या कमरेला आहे, कारण सर्वांचा डोळा लागला की आत्याबाई पाय न वाजवता उठतात आणि "जरासं पायावर टाकते" म्हणून वाकळ शोधू लागतात.