अकराव्या बारमध्ये अडकलोय

सगळं सुरू झालं ते पैसे वसूल करण्यावरून. लेकीला पियानो शिकायचा होता म्हणून आम्ही ४२ हजारांचा डिजिटल पियानो घेतला, ८८ पट्ट्या, दाबायला खऱ्या पियानोसारख्या जड, खाली तीन पेडल, आणि तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्याच्या भिंतीचा जो पोपडा निघाला त्याचे सोसायटीला वेगळे. लेक तिसऱ्या ग्रेडपर्यंत शिकली, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलं आणि म्हणाली, बाबा, मला आता बास्केटबॉल खेळायचाय. झालं! पुढचे सहा महिने त्या पियानोवर इस्त्रीला द्यायचे कपडे होते. बायको म्हणाली विकून टाकू, मी म्हटलं अजिबात नाही, मी शिकतो. कोकणस्थ रक्त, दुसरं काय.

दोन वर्षं मी गुमान सोप्या सोप्या गोष्टी वाजवत होतो आणि कुणालाही माझा त्रास नव्हता, कारण हेडफोन. मग एके रात्री बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा सी मायनर फ्यूग ऐकला, तो १७२२ च्या चोवीस प्रिल्यूड-फ्यूगवाल्या संग्रहातला दुसरा. तीन आवाज, ३१ बार (बार म्हणजे नोटेशनमधलं एकेक छोटं आवर्तन म्हणा), दीड मिनिटात खेळ खल्लास. नोटेशन काढून बघितलं तर जेमतेम दोन पानं. आणि माझ्या डोक्यात तो घातक विचार आला जो माणसाला एकतर उद्योजक करतो नाहीतर कर्जबाजारी: एवढंच तर आहे, हे आपल्यालाही जमेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्यूगमध्ये एक छोटी धून असते, तिला सब्जेक्ट म्हणतात. ती आधी एकटी येते. मग दुसरा आवाज तीच धून पाच सूर वरून सुरू करतो, आणि पहिला गप्प बसत नाही, तो सोबत काहीतरी दुसरं गात राहतो. मग तिसरा येतो. लॅटिनमध्ये फुगा म्हणजे पळणं. एक पळतो, बाकीचे मागे लागतात. आमच्या आईला मात्र लॅटिनशी कर्तव्य नाही, तिने पहिल्या दिवसापासून याला ‘तुझा तो फुगा’ म्हणायला सुरुवात केली आणि खरं सांगायचं तर पुढच्या अकरा महिन्यांचं इतकं अचूक वर्णन कुणीच केलेलं नाही.

सब्जेक्ट मला एका संध्याकाळी सुचला. डी मायनर, म्हणजे डी हा सा आणि एकूण सूर जरा उदास. डी वरून ए वर उडी, मग बी फ्लॅट, तिथून धाडकन खाली सी शार्प, आणि परत डी. आपल्या भाषेत सा, प, कोमल ध, खालचा शुद्ध नी, सा. मी खूश होऊन आईला वाजवून दाखवला. आई वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “किरवाणीचं चलन आहे. छान आहे. पुढे?” म्हटलं पुढे हेच परत, प वरून. “बरं. मग?” मग हेच परत, खालच्या सा वरून. आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “म्हणजे मुखडाच नुसता. अंतरा कधी?” अंतरा नाही आई. “आणि सम?” सम पण तशी नाही. यावर ती काहीच बोलली नाही, उठून कुकर लावायला गेली.

दुसऱ्या आवाजाला आन्सर म्हणतात आणि पहिला खड्डा तिथेच आहे. मला वाटलं सगळं जसंच्या तसं पाच सूर वर ढकललं की झालं, कॉपी पेस्ट. तर नाही. सब्जेक्ट सा वरून प वर उडी मारत असेल तर उत्तर प वरून वरच्या रे वर जायचं नाही, प वरून वरच्या सा वर जायचं. का? तर उगाच घर सोडून लांब जाऊ नका. पंचमाला उत्तर षड्ज, षड्जाला उत्तर पंचम. हे वाचल्यावर मला एकदम भरून आलं, म्हटलं हे तर आपलंच की, आपला तानपुरा जन्मभर हेच बोलत असतो. एवढ्या प्रेमाने मी त्या शास्त्राच्या गळ्यात पडायला गेलो आणि त्याच शास्त्राने पुढच्याच प्रकरणात माझ्या कानाखाली जाळ काढला.

कारण पॅरलल फिफ्थ. दोन आवाजांमध्ये सा-प चं अंतर असेल तर हरकत नाही, पण तेच दोन आवाज लगेच पुढच्या सुरावर दोघं मिळून सरकले आणि परत सा-प च राहिलं, तर तो गुन्हा. साधी चूक नव्हे, गुन्हा. कारण असं की पाचवा सूर मूळ सुरात इतका विरघळतो की दोन माणसं बोलतायत असं वाटतच नाही, एकाचीच सावली दुसऱ्यावर पडल्यासारखी वाटते. आणि फ्यूगचा तर सगळा जीवच दोन-तीन आवाज वेगवेगळे ऐकू येण्यात. आता ज्या माणसाने लहानपणापासून पेटीच्या सा-प वर डोकं टेकवून झोप काढली आहे त्याच्या कानाला यात गुन्हा कसा ऐकू यावा? मला ते प्रत्येक वेळी गोडच वाटतं. मी जिथे जिथे मन लावून, डोळ्यात पाणी आणून काही लिहिलंय, तिथे तिथे पॅरलल फिफ्थ निघालेत, हा माझा अकरा महिन्यांचा अनुभव आहे.

हे मला सांगितलं सरांनी. सर कॅम्पात राहतात, मूळचे मडगावकडचे, व्हायोलिन शिकवायचे, आता सत्तरी ओलांडलीये. त्यांच्या वडिलांच्या पिढीत गोव्यातल्या गावागावात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातलीच कितीतरी माणसं पुढे मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा वगैरे मंडळी तिथलीच. गाण्यात लताबाई वर गात असताना मागे व्हायोलिन्स जे स्वतःचंच काहीतरी वेगळं बोलत असतात ना, ते लिहिणारी ही माणसं. सरांनी माझं पहिलं पान घेतलं, चष्मा वर केला, पेन्सिलने सात ठिकाणी गोल केले आणि शांतपणे म्हणाले, “तुम्ही तीन आवाज लिहिले नाहीत. एक आवाज लिहिला आणि त्याला दोन होयबा दिले.” वर चहाही पाजला. मी परत येताना सिग्नलला थांबून ‘होयबा’ या शब्दावर बराच वेळ विचार केला, मागचा हॉर्न वाजवत होता.

सरांनी मग फुक्स नावाच्या जुन्या संगीतकाराचं, आवाजांची गुंफण शिकवणारं पुस्तक वाचायला सांगितलं. १७२५ सालचं, मूळ लॅटिन, हायडनपासून बेथोव्हेनपर्यंत सगळे त्यावर शिकलेले. संवादाच्या रूपात आहे, अलोयसियस नावाचे गुरुजी आणि जोसेफस नावाचा शिष्य. जोसेफस बिचारा गृहपाठ करून आणतो, गुरुजी चूक दाखवतात, जोसेफस म्हणतो धन्य झालो. मला जोसेफसबद्दल इतकी आपुलकी वाटायला लागली की काय सांगू, तीनशे वर्षांनी का होईना पण कुणीतरी आपल्यासारखं भेटलं.

तर अकरावा बार. इथे मला चार महिने लागलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो, सहन करा. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, सी वरून डी वर जातोय. मधला आवाज जी वरून ए वर. सी-जी पाचवा, डी-ए पाचवा, म्हणजे पॅरलल फिफ्थ. ठीक आहे, मधल्याला ए ऐवजी खाली एफ वर नेला. तर वरचा आवाज आधीपासून जी वरून एफ वरच येत होता, म्हणजे आता वरच्या दोघांत पॅरलल ऑक्टेव्ह, दोघं एका सप्तकाच्या अंतराने एकच सूर गातायत, जो फिफ्थचा थोरला भाऊ. ठीक आहे, वरच्याला हलवला, तर पुढच्या बारमधली त्याची अख्खी ओळ लटकली. मग राहिला बेस. पण बेसची ओळ सीक्वेन्सची, म्हणजे तोच नमुना एकेक सूर खाली उतरत चार बार चाललाय, तिला हात लावायचा म्हणजे बिल्डिंगचा कॉलम फोडण्यासारखं. आमच्या बाथरूमची गळती आठवली. प्लंबरने आमचा नळ बदलला तर खालच्यांच्या हॉलच्या सीलिंगला ओल आली, ती काढली तर शेजारच्यांच्या वॉर्डरोबमागे बुरशी, शेवटी प्लंबर म्हणाला साहेब पाणी आहे, ते कुठूनतरी जाणारच. फिफ्थचंही तेच आहे.

याच काळात ऑफिसमधल्या मित्राचा फोन आला, वीकेंडला कुठे गायब आहेस. मी खरं तेच सांगितलं, अरे चार महिने झाले, अकराव्या बारमध्ये अडकलोय, बाहेरच पडता येत नाहीये. पलीकडे शांतता. मग हळू आवाजात म्हणाला, “वहिनींना माहितीये का?”

बायकोला माहीत होतं, तोच तर प्रॉब्लेम होता. जेवताना माझी बोटं ताटाच्या कडेवर चालायची. एकदा ती म्हणाली, निदान हेडफोन काढून तरी वाजव, आम्हाला रात्री बारा वाजता नुसता पट्ट्यांचा टक टक टक टक आवाज येतो, टाइपरायटरवर कुणी मृत्युपत्र करतंय असं वाटतं. मी तिला समजावलं की बाख विसाव्या वर्षी आर्नश्टाटहून ल्यूबेकला बुक्स्टेहुडेचा ऑर्गन ऐकायला गेला होता, चारेकशे किलोमीटर, सांगतात की चालत, रजा चार आठवड्यांची काढली आणि राहिला जवळजवळ चार महिने. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास, म्हणजे ही दीड वारी झाली. बायको म्हणाली, तूही जा. चालत.

काउंटरसब्जेक्टचं प्रकरण मी उरकतो कारण मला ते आठवलं की अजून ॲसिडिटी होते. सब्जेक्टच्या जोडीला जी दुसरी ओळ लिहायची ती वरही चालली पाहिजे आणि खालीही. म्हणजे आत्ता वरच्या मजल्यावर आहे, पुढच्या वेळी खालच्या मजल्यावर राहायला जाणार, आणि तरी भांडण व्हायला नको. गंमत अशी की वरखाली अदलाबदल केली की दोन सुरांमधलं अंतर बदलतं, तिसऱ्याचा सहावा होतो, तो गोड, पण पाचव्याचा चौथा होतो आणि चौथा इथे बेसूर धरतात. म्हणजे ज्या पाचव्याने आधी छळलं तोच वेषांतर करून परत दारात. मी काउंटरसब्जेक्ट नऊ वेळा लिहिला. नववा चांगला होता. फक्त तो मला सुचला नव्हता, सरांनी पेन्सिलने चार सूर बदलले आणि उरले ते माझे.

आणि या सगळ्यात बाखकडे बघायचं नाही, हे पथ्य पाळायला हवं होतं. मी बघितलं. त्याच संग्रहातला पहिलाच सी मेजर फ्यूग, चार आवाज, २७ बार, आणि त्यात सब्जेक्ट येतो २४ वेळा, एक संपायच्या आत दुसरा घुसतोय, सकाळच्या विरार लोकलसारखा, आणि कुणाचा धक्का कुणाला लागत नाही. १७४७ ला पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने स्वतः एक धून दिली आणि हा बासष्ट वर्षांचा माणूस तिथल्या तिथे उभ्या उभ्या तीन आवाजांचा फ्यूग वाजवून मोकळा झाला. सहा आवाजांचा मागितला तेव्हा म्हणे त्या धुनेवर तो आयत्या वेळी नाही वाजवला, घरी जाऊन लिहिला आणि छापून पाठवला. मी ते वाचून लॅपटॉप बंद केला आणि आईला गवार निवडून दिली.

तरीही, कसा कोण जाणे, गेल्या महिन्यात फ्यूग शेवटाला आला. २८ बार. शेवटचा कॉर्ड डी मेजर, कारण त्या काळी मायनरमधलं गाणं बऱ्याचदा मेजरमध्येच संपवायचे, सगळं दुःख भोगून शेवटी कपभर आल्याचा चहा मिळावा तसं. कॉम्प्युटरने वाजवून दाखवला, बरा वाटला. मग मी स्वतः वाजवायला बसलो आणि लक्षात आलं की सव्विसाव्या बारमध्ये डाव्या हाताला खालचा डी आणि त्याच्या वरच्या सप्तकातला एफ एकदम दाबायचाय. माझा पंजा डी ते ई पुरतो. ई च्या पुढे माझं शरीर संपतं. उजवा हात वर सोळाव्यांच्या, म्हणजे झपझप छोट्या सुरांच्या, ताना मारण्यात गुंतलेला. अकरा महिने मी तीन हातांच्या माणसासाठी लिहीत होतो.

लेक घरात होती, बास्केटबॉलहून आलेली, घामेजलेली, केळं खात. म्हटलं जरा मधला आवाज वाजवतेस का, दोनच बार. “बाबा, मी सोडलंय ना ते.” दोनच बार. ती उभ्यानेच, एका हाताने, दुसऱ्या हातात केळं. आम्ही वाजवलं. परत वाजवलं. तिसऱ्यांदा ती थांबली.

“बाबा, इथे मी कशाला हवीये?”

म्हणजे?

“म्हणजे इथे तू खाली आलास की मी पण खाली येते. तू जे करतोयस तेच मी करतेय. मला वेगळं काही नाहीचे.”

मी बघितलं. बेस डी वरून सी. तिचं ए वरून जी. पाचवा, पाचवा. सरांच्या पेन्सिलीतून सुटलेला, माझ्या कानाला तर कायमच गोड लागलेला, बरोबर शेवटच्या वळणावर.

“नीट केलंस की बोलव,” ती म्हणाली आणि केळ्याची साल पियानोवर ठेवून अंघोळीला गेली. मी साल उचलली, पेन्सिल घेतली. डी-सी ला हात लावता येत नव्हता. तो कॉलम होता.