परवानाधारक वायरमन कसे व्हावे?

पोरांनो, वायरमनचा परवाना काढायचाय? काढा की, हौसेला मोल नसतं.

आधी आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, 2 वर्षं.

मग शिकाऊ उमेदवारी. नाशकात सातपूर नाहीतर अंबड एमआयडीसीत नंबर लागेल. पॅनलला हात लावायला मिळेल ही आशा सोडा, खोक्यांना टेप लावायची कला मात्र वर्षभरात छान अवगत होईल. 1961च्या कायद्याने तुम्ही शिकाऊ, कामगार नव्हे. त्यामुळे पगार नाही, विद्यावेतन. वर्ष सरल्यावर नोकरीवर ठेवायचं बंधनही कंपनीवर नाही. गेटवर पुढची बॅच उभीच असते.

परीक्षा द्या, परवाना मिळवा, लॅमिनेट करा.

कंत्राटदार म्हणेल, "फक्त सही दे." द्या. टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासून ठीक असल्याच्या दाखल्यावर, नाव तुमचं. वायरिंग कुणाचं, हे विचारू नये.

आता कामाला लागा. परवा इंदिरानगरात एका फ्लॅटवर गेलो. तक्रार काय, तर गीझरच्या नळाला झिणझिण्या येतात. सॉकेट उघडलं. पिनी तीन, वायरी दोनच! पठ्ठ्याने न्यूट्रलवरून बोटभर तुकडा घेऊन अर्थच्या पिनेत खुपसलेला. मागे कुठे तो न्यूट्रल सुटला की गीझरची अख्खी बॉडी फेजवर, म्हणजे जिवंत करंटवर, आणि खाली ओलाचिंब माणूस. वायर 1 स्क्वेअरची, म्हणजे 1 चौरस मिलिमीटर जाडीची, जिथे अडीचची हवी. डीबीत, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी होता, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पण "सारखा पडतो" म्हणून बायपास केलेला. अहो, तो पडत होता म्हणून तुम्ही उभे आहात! कुणी केलं विचारलं, तर म्हणे फर्निचरवाल्याने. वॉर्डरोबबरोबर फुकटात करून दिलं.

मी दुरुस्तीचा आकडा सांगितला. मालक म्हणाले, "एवढे? दोन वायरी तर जोडायच्यात."

दोन वायरी! टाइल्सचा स्क्वेअर फुटाचा भाव तुम्हाला तोंडपाठ, आणि भिंतीत किती स्क्वेअरची वायर पुरलीय याचा पत्ता नाही. गाडी चालवायला लायसन्सवाला ड्रायव्हर लागतो, मग डीबी उघडणाऱ्याला "परवाना दाखव" म्हणताना जीभ का अडते? का, तर तो दोनशे रुपये कमी घेतो. त्या बाथरूममध्ये तुमचीच पोरं आंघोळीला जातात ना? लाज वाटू द्या जरा. पैशांचं नंतर बघू, आधी तो आरसीसीबी परत जोडून घ्या, आणि तोवर गीझरचं बटण दाबू नका.