मेव्हण्याचा ट्राउट आणि आमचा कटला

आमचा मेव्हणा मे महिन्यात मनालीला जाऊन आला आणि तिथं ट्राउट खाल्ला, इथून सगळं बिघडलं. "दाजी, काय मासा होता म्हणून सांगू!" हे वाक्य मी चहाला, जेवताना, एवढंच काय पंक्चर काढतानाही ऐकलंय. मोबाईलवर फोटो, अंगावर गुलाबी पट्टा, काळे ठिपके, शेजारी लिंबाची फोड. बरं, ऐकणारे आम्ही साताऱ्याचे, पाहुणा आला की मटण, आणि मासा म्हणजे बाजारातलं सुकट.

मग साहेबांचं लॉजिक सुरू. कृष्णा महाबळेश्वरातून येते, महाबळेश्वर थंड, म्हणजे कृष्णेत ट्राउट जगायला काय हरकत आहे! अरे, त्या माशाला बर्फाचं, खळाळतं पाणी लागतं, पाणी विसेक डिग्रीच्या वर गेलं की तो कासावीस होतो. इंग्रजांना स्वतःच्या हौसेपायी त्याची अंडी विलायतेहून आणायची होती तर त्यांनीपण काश्मीर, निलगिरी असं थंडच बघितलं, आमची साताऱ्याजवळची माहुली नाही बघितली. माहुलीला मे महिन्यात नदीत पाय घातला की गिझर चालू राहिलाय असं वाटतं.

पण रॉड ऑनलाइन आला होता. सोबत डबीभर खोट्या माश्या, रंगीत पिसांच्या, कारण ट्राउट माशीवर झेपावतो. आमच्या डोहातल्या कटल्यानं त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. पलीकडं एक म्हातारबाबा बांबूची काठी घेऊन बसलेले, त्यांना दया आली, त्यांनी शेंगपेंड नि कणकेचा गोळा दिला. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या अंगालाच खातो, म्हणून गळ तळाला सोडू नका हेही त्यांनीच सांगितलं. आणि मग जे काय झालं! रॉड वाकला, रील किंचाळलं, मेव्हणा कमरेपर्यंत पाण्यात, बाबा काठावरनं "ढील दे, ढील दे रं!" करत नाचतायत आणि मी चपला सांभाळतोय. शेवटी बाबांनीच पाण्यात उतरून कल्ल्यात बोटं घालून धूड बाहेर काढलं. फोटोत बाबा नाहीत, हे सांगायला नकोच.

खरं मरण घरी. बायको माशाकडं बघून म्हणाली, "अहो, ह्याला परातीत झोपवायचं का बाथरूममध्ये?" ट्राउटचं बरं असतं, बारीक खवलं, खरवडायचीही गरज नाही, पोट साफ केलं, बटर-लिंबू लावलं, अख्खा तव्यावर. कटल्याचं एकेक खवलं रुपयाएवढं! अंगणात बसून खरवडलं तर भिंतीवर, तुळशीवर, मेव्हण्याच्या केसांत, एक तर माझ्या चहात. विळी डोक्यापाशी अडली. खाटकाकडं नेला तर तो म्हणाला, "आपण बकऱ्याचं काम करतो, हे जनावर लांब ठेवा." मग शेजारून ऊस तोडायचा कोयता आणला.

मेव्हण्याचा हट्ट, बटर-लिंबूच पाहिजे. एक तुकडी केली, गाळाचा असा वास की बटरनं हात टेकले. मग बायकोनं सूत्रं घेतली, हळद-मीठ चोळून ताकात तुकड्या ठेवल्या, नंतर कांदा-लसूण चटणी सढळ हातानं, आणि चुलीवर रस्सा. चव झक्कास, खोटं कशाला बोलू! पण काटे? मांसात इंग्रजी वायसारखे दुफाटे, बारीक, दिसत नाहीत. जेवताना घरात एवढी शांतता मी दहावीच्या निकालालाही बघितली नाही, प्रत्येकजण जिभेनं शोधकार्यात.

डोकं शेजारच्या काकींना दिलं. त्या रत्नागिरीच्या, गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणणंच त्यांना मान्य नाही. "ठेवा, मांजराला घालीन," म्हणाल्या. तासाभरात त्यांच्या खिडकीतनं खोबऱ्याच्या वाटणाचा असा वास सुटला की काय विचारता, आणि मांजर आमच्या दारात उपाशी बसलेलं.

रविवारी संध्याकाळी मेव्हणा पुण्याची एसटी पकडून गेला, तुकड्या नको म्हणाला, डब्याचा वास येईल म्हणे. निम्मा मासा अजून फ्रीजरात आहे आणि पोरगा कुल्फी खायला तयार नाही.