भारीट बघायला ग्रीसला कशाला? (एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया गुरुवारी रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते रागात लिहिलं गेलं असतं म्हणून थांबले. आज रविवार आहे, सकाळची कामं आवरलीत, आता निवांत लिहिते. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

बाकीच्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल तर थोडक्यात सांगते. मी ग्रीसमधल्या लेस्बोस बेटावरच्या आमच्या सुट्टीबद्दल लिहिलं होतं, एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा, मी आणि नवरा, नऊ दिवस, जवळजवळ सगळा वेळ पक्षी बघण्यात. त्यावर सरांनी तीन गोष्टी लिहिल्या. एक, ज्या काळ्या डोक्याच्या भारीटाचं (इंग्रजीत बंटिंग, दाणे खाणारं छोटं पाखरू) मी एवढं कौतुक केलं तो दरवर्षी हिवाळ्यात आपल्या ज्वारीत थव्यांनी उतरतो, मग त्यासाठी विमानाने ग्रीसला जायचं म्हणजे पैशाचा माज आणि वर धुराची भर. दोन, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर आता बातमी होते, तिकडे कुणी फिरकत नाही आणि परदेशातल्या पक्ष्यांवर पानंच्या पानं लिहितात. आणि तीन, मी टाकलेल्या शिलिंध्रीच्या फोटोत पक्ष्याच्या चोचीत किडा आहे आणि तो फांदीवर नुसता बसून आहे, याचा अर्थ माणसं घरट्याजवळ उभी होती म्हणून त्याला पिल्लांकडे जाता येत नव्हतं.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात.

क्रूपर्स नटहॅच म्हणजे चिमणीहूनही लहान शिलिंध्री, कपाळ काळं, छातीवर विटकरी रंगाचा एक ठसा. सगळ्या युरोपियन युनियनमध्ये हा पक्षी फक्त या एका बेटावर घरटं करतो, बाकी त्याचा मुलूख म्हणजे मुख्यतः तुर्कस्तान. कालोनीच्या आखाताच्या कडेला अखलादेरी नावाची जागा आहे तिथलं पाइनचं जंगल त्याचं, वाळून उभ्या राहिलेल्या झाडाच्या बुंध्यात भोक करून तो घरटं करतो. आम्ही लांबून बघत होतो, लेन्स मोठी होती, म्हणून मला वाटलं आपलं काही चुकत नाहीये. पण आमच्या आधीच तिथे सातआठ जण उभे होते, त्यातला एकजण मोबाइलवर त्याचा आवाज वाजवत होता, आणि तो पक्षी चोचीत अळी धरून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, परत पहिल्या फांदीवर असं करत राहिला. मला त्या क्षणी ते "छान पोज देतोय" असं वाटलं. दहा मिनिटं मी फोटो काढत होते. नंतर नवऱ्याने दंडाला धरून मागे ओढलं तेव्हा कळलं की बुंध्यातून बारीक आवाज येतोय आणि आत कुणीतरी उपाशी आहे. तेव्हा निघालो, पण दहा मिनिटं उशिरा. हा भाग मी लेखात लिहायला हवा होता, नाही लिहिला, फोटो तेवढा टाकला. तो फोटो काल काढून टाकलाय, आणि झाड कुठे आहे ते सापडेल अशा दोन ओळी होत्या त्याही काढल्यात. तुम्ही एका फोटोवरून हे ओळखलंत, मी समोर उभी राहून ओळखलं नाही. मनापासून आभार.

आता भारीट. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. मालदांडी ज्वारीची काळी रानं. लहानपणी डिसेंबर-जानेवारीत तिकडे गेलो की ज्वारी चिकात आलेली असायची आणि आजोबा माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखायचे. त्या पाखरांना घरात कुणी भारीट म्हणायचं नाही, नुसतं "पिवळी पाखरं". थवा उतरला की सगळं रान हलल्यासारखं दिसायचं, एकेक पाखरू कणसावर बसलं की ताट वाकायचं, आणि गोफणीचा आवाज झाला की सगळा थवा एकदम उठून बांधावरच्या बाभळीवर. त्यात काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा असे दोन्ही भारीट मिसळलेले असतात आणि दोघांच्या माद्या एवढ्या सारख्या की भलेभले चुकतात, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे सर, मी हा पक्षी ग्रीसमध्ये पहिल्यांदा बघितला असं मुळीच नाही. मी त्याला सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. आणि म्हणूनच गेले.

कारण चाळीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला कधी गाताना ऐकलं नव्हतं. आपल्याकडे तो गातो कुठे? थव्यात असतो, खातो, बारीक चिट चिट करतो, उठतो, बसतो. नराच्या डोक्यावरचा काळा रंगसुद्धा थंडीत नीट दिसत नाही, नव्या पिसांना फिकट कडा असतात त्याखाली तो झाकलेला असतो, कडा झिजत जातात तसं डोकं काळं होत जातं, आणि पुरतं काळं व्हायच्या सुमाराला मार्च-एप्रिल येतो आणि तो निघून जातो. कुठे जातो हे पुस्तकात वाचलं होतं. युरोपातले लांबचा प्रवास करणारे बहुतेक छोटे पक्षी थंडीत आफ्रिकेत उतरतात, हा मात्र पूर्वेकडे वळतो, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत आपल्याकडे येतो. तीस ग्रॅमच्या आसपास वजन आणि सरळ रेषेत मोजलं तरी सोलापूरपासून लेस्बोस पाच हजार किलोमीटरच्या वर.

पहिले चार दिवस एकही दिसला नाही. बेटावर तो सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी आहे हे माहीत होतं तरी धाकधूक होती. पाचव्या दिवशी सकाळी स्काला कालोनीच्या बाहेर ऑलिव्हच्या बागांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागलो, कुंपणाला काटेरी झुडपं आणि त्यावर विजेची तार. आधी आवाज आला. दोनतीन खरखरीत ठोके, जरा घाईत, आणि मग एकदम मोकळा गोड सूर खाली उतरत आलेला. मला तो ओळखूच आला नाही! मी नवऱ्याला म्हटलं हा कुठला नवीन पक्षी. दुर्बीण लावली तर तारेवर तो, गळ्यापासून पोटापर्यंत हळदीसारखा पिवळा, पाठ तांबूस, डोकं काळं कुळकुळीत, चोच वर करून गातोय आणि गाताना गळ्याची पिसं थरथरतायत. संपलं की थांबायचा, मान वळवून बघायचा, परत तेच. नर आधी पोचतात आणि जागा धरून बसतात, माद्या मागून येतात, म्हणजे तो बहुतेक नुकताच आला होता. मी दुर्बीण खाली केली कारण डोळ्यात पाणी आलं होतं आणि काही दिसत नव्हतं. आजोबांना हे ऐकवता आलं असतं तर, एवढंच मनात येत होतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. हा पक्षी बहुतेक पक्ष्यांसारखी विणीनंतर तिथेच पिसं बदलून निघत नाही, झिजलेल्या जुन्या पिसांवरच इथवर येतो आणि आपल्याकडे उतरल्यावर सगळी पिसं नवी करतो. म्हणजे तारेवर बसून तो जो पिवळा रंग मिरवत होता ती पिसं आपल्या रानात उगवलेली होती, कुणाच्या तरी ज्वारीवर. तुमच्याच रानातला तो असेल असं मी म्हणणार नाही, ते सांगायला त्याच्या पायात ओळखीचं कडं हवं. पण असूही शकतो की नाही?

त्याच आखाताच्या काठाशी पिऱ्हा नावाचं जुनं शहर होतं, अखलादेरीच्या जवळच. इसवीसनापूर्वी ३४५ च्या सुमाराला ॲरिस्टॉटल या बेटावर दोनेक वर्षं येऊन राहिला होता, सोबत याच बेटावरच्या एरेसोस गावचा थिओफ्रास्टस, आणि इथल्या उथळ पाण्यातले मासे, शिंपले, माकुळं यांचं त्याने जे बारकाईने बघून लिहिलं ते आजही माणसं वाचतात. एवढा बारकाईने बघणारा माणूस, क्रौंच दूर देशी जातात हेही त्याला ठाऊक होतं, पण त्यानेच लिहून ठेवलंय की उन्हाळ्यातला रेडस्टार्ट थंडीत रॉबिन होतो. ग्रीसमध्ये एक थंडीत दिसतो आणि दुसरा उन्हाळ्यात, दोघांच्याही अंगावर तांबडा रंग, मग त्याने जोडून टाकलं. त्याचं बघणं कमी पडलं नाही सर, तो एका जागी बसून बघत होता. उरलेलं अर्धं वर्ष तो पक्षी दुसरीकडे कुठेतरी होता.

हे फक्त कुतूहलापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पिवळ्या छातीच्या भारीटाचं काय झालं बघा. फिनलंडपासून सायबेरियाच्या पार टोकापर्यंत घरटी करणारा हा पक्षी, एवढा मुबलक की २००४ पर्यंत त्याची काळजी करावी असं कुणाला वाटत नव्हतं. विणीच्या प्रदेशात जंगलं होती, दलदली होती, सगळं ठीक दिसत होतं. आणि इकडे स्थलांतराच्या वाटेवर, मुख्यतः चीनमध्ये, जाळी लावून खाण्यासाठी पकडत राहिले. २०१७ साली तो थेट अतिसंकटग्रस्त यादीत गेला. फिनलंडमधल्या पक्षीवाल्याने आपली दलदल कितीही जपली असती तरी उपयोग नव्हता, कारण पक्षी परतच येत नव्हता. आपला काळ्या डोक्याचा आज धोक्यात नाही, देवाची कृपा, पण आजोळच्या रानात आता मालदांडी कमी आणि ऊस जास्त आहे, उजनीचं पाणी आलं तसं ते होणारच होतं आणि शेतकऱ्याला त्यात दोष देता येत नाही. उसात भारीट काय खाणार? आणि तिकडे घरटं लागतं ते खालच्या काटेरी झुडपात, कुंपणात, द्राक्षाच्या मळ्यात, ती कुंपणं साफ केली की झालं. म्हणून मला दोन्ही टोकं बघायची होती.

बाकी तिथे जे बघितलं त्यातलं सगळंच एवढं गरजेचं होतं असं मी म्हणत नाही. कालोनीच्या मिठागरातले रोहित (फ्लेमिंगो) बघून मला काही झालं नाही, ते भिगवणला बघितलेले आहेत आणि भिगवणलाच जास्त छान वाटतात. पण त्याच मिठागरात कर्ल्यू सँडपायपर होते, आपल्या किनाऱ्यावर थंडीत नुसते राखाडी दिसणारे, ते तिथे विटेसारखे लाल झालेले. रफ होते, आपल्याकडे थंडीत बघितलेले भुरकट, तिथे एकदोन नरांच्या मानेभोवती पिसांची झालर यायला लागलेली. पश्चिमेला इप्सिलूच्या मठाच्या डोंगरावर राखी भारीट, त्याच्यासाठी तास दीड तास खडकात बसलो, वारा असा की दुर्बीण स्थिर राहीना. तो आपल्याकडचा नाही, त्याच्याबद्दल परत कधीतरी.

विमानाच्या धुराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तीन वर्षं पैसे साठवले, एकदा गेलो, पुढची काही वर्षं कुठे जाणार नाही आहोत, पण धूर झाला तो झाला. पैशाचा माज मात्र नाही सर, तो शब्द लागला मला. आम्ही दोघं नोकरी करणारी माणसं, तिथे एका खोलीत राहून स्वयंपाक स्वतः करत होतो, सार्डिन मासे स्वस्त मिळायचे ते भाताबरोबर खात होतो.

आणि माळढोक. तुम्ही त्या माळावर सायकलने जायचात आणि एका सकाळी पाच पाच मोजायचात असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. मी नान्नजला एकूण चारदा गेले आणि चारही वेळा रिकामी आले. त्याबद्दल लिहिलं नाही कारण काय लिहू कळत नव्हतं. तुम्ही म्हणता कुणी लिहीत नाही, तर तुम्ही लिहा ना. ज्यांनी तो माळ भरलेला बघितलाय अशी माणसं आता थोडी राहिली आहेत, मी ऐकीव लिहिण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं यावं. टाइप करायला त्रास होत असेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करून पाठवा, मी बसून उतरवून घेईन, तुमच्या नावाने इथेच छापू.

शेवटी एक विनंती आहे, आणि खरं तर उत्तर लिहायला बसले त्यातलं अर्धं कारण हेच. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय की १९९१ पासून तुमच्या शाळेमागच्या रानात भारीट पहिल्यांदा कधी उतरले आणि शेवटचे कधी दिसले त्याच्या तारखा तुम्ही वहीत लिहून ठेवता. सर, ती वही मला बघायची आहे! तिकडे बेटावर वसंतात येणारी पक्षीवाली मंडळी पहिला भारीट कधी दिसला याची नोंद करतात, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर बऱ्याच जणांच्या याद्या आहेत. तुमची शेवटची तारीख आणि त्यांची पहिली तारीख, वर्षागणिक शेजारी शेजारी मांडून बघायचीय, मधे किती दिवस जातात, ते कमीजास्त होतायत का. वही पोस्टाने पाठवू नका, हरवली तर परत मिळणार नाही. जानेवारीत हुरड्याला मी तिकडे येणारच आहे, तुमच्या घरी येऊन पानांचे फोटो काढून घेते. कोणता वार सोयीचा ते कळवा, आणि ज्वारी अजून आहे ना त्या रानात?