पंचतारांकित परिषदा आणि साडेसातशेची खोली: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

सरकारी कर्मचाऱ्यांच्या दौऱ्याच्या प्रवासभत्त्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही तीन आरोप केलेत. परिषद काय नि संघटनेचं अधिवेशन काय, सगळं फिरायला जाण्याचं निमित्त असतं. आमच्या कराच्या पैशावर बाबूलोक विमानाने हिंडून पंचतारांकित हॉटेलांत जेवतात. आणि मी केंद्र सरकारच्या लेखा खात्यातून निवृत्त झालेलो असल्यामुळे त्यांची वकिली करतो.

वकिलीचं आधी सांगतो. माझी सारी नोकरी याच लोकांच्या बिलांवर लाल शेरे मारण्यात गेली. माझ्याविषयी ते काय बोलायचे, ते इथे छापता येणार नाही.

आता विमान. केंद्राच्या 13 जुलै 2017 च्या आदेशानुसार बिझनेस क्लास मिळतो तो लेव्हल 14 (लेव्हल म्हणजे पगाराची पायरी) पासून वर, म्हणजे सहसचिव आणि त्यांच्या वरचे. लेव्हल 6 ते 13 ला साधा इकॉनॉमी. लेव्हल 5 आणि त्याखालच्यांना विमान नाहीच, त्यांनी रेल्वेने जायचं. त्यात 2022 च्या जूनपासून आणखी एक पाचर बसली: तिकीट तीनच अधिकृत एजंटांकडून काढायचं, त्या वेळेचं सर्वांत स्वस्त घ्यायचं आणि शक्यतो 21 दिवस आधी काढायचं. आता ज्या कार्यालयात दौऱ्याची फाइल शेवटच्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावरून उठते, तिथे 21 दिवस कुठून आणायचे? मग तिकीट महाग पडतं आणि उशीर का झाला याचा खुलासा लिहायला लागतो तो जाणाऱ्यालाच. फाइल अडवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

हॉटेलचं तर विचारूच नका. त्याच आदेशातले मूळ दर सांगतो (महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की ते 25 टक्क्यांनी वाढतात, तशी वाढ झालीही आहे). लेव्हल 14 आणि वर रोज 7,500 रुपयांपर्यंत. लेव्हल 6 ते 8 ला 750. लेव्हल 5 आणि खाली 450. मुंबई, पुण्यासारख्या एक्स वर्गाच्या शहरात लेव्हल 8 पर्यंतच्या सगळ्यांना 1,000, पण तेही पावती जोडली तरच. हजार रुपयांत पावती देणारी, पाय ठेवावासा वाटेल अशी खोली दादरला किंवा स्वारगेटला शोधून दाखवा. लेव्हल 7 चा माणूस परिषदेला आला की तो मावशीकडे नाहीतर मित्राकडे उतरतो. जेवणाचे 800, पण सहा तासांपेक्षा कमी वेळ बाहेर असलात तर त्यातले 30 टक्केच. (पायी चाललात तर किलोमीटरला 12 रुपये मिळतात, हेही नियमात आहे. असं बिल माझ्याकडे कधी आलं नाही, आलं असतं तर मी जपून ठेवलं असतं.)

शिवाय सरकारी परिषद आणि कर्मचारी संघटनेचं अधिवेशन या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच दावणीला बांधल्यात. संघटनेच्या अधिवेशनाला जाणाऱ्या पदाधिकाऱ्याला विशेष नैमित्तिक रजा मिळते, प्रवासभत्ता नाही. गाडीभाडं तो आपल्या किंवा संघटनेच्या खिशातून भरतो. रजा किती द्यावी यावर जरूर भांडा, पण ते भांडण वेगळं.

राहिल्या पंचतारांकित परिषदा. इथे मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. 29 ऑक्टोबर 2014 च्या काटकसरीच्या आदेशात पंचतारांकित हॉटेलांत बैठका आणि परिषदा घ्यायला बंदी घातली होती. सूट होती ती परदेशी सरकारांशी किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांशी वरच्या पातळीवर होणाऱ्या बैठकांना. असा आदेश काढावा लागला यातच सगळं आलं. पण हा खर्च जाणाऱ्याच्या बिलात दिसत नाही, तो भरवणाऱ्याच्या खात्यावर पडतो. सभागृह, मांडव, स्मृतिचिन्हं, शाली, जेवणावळी, सगळं तिकडे. आपण चिडतो मात्र विमानात बसलेल्यावर.

आणि खरं भगदाड तर त्याहून पुढे आहे. माझ्यापुढे बिल यायचं तेव्हा मी काय बघायचो? दौऱ्याची मंजुरी, तिकीट, बोर्डिंग पास, पावत्या, 60 दिवसांच्या आत सादर केलंय की नाही. एका बिलात टॅक्सीचे चाळीस रुपये जास्त लावले होते, त्यावरून दोनदा पत्रव्यवहार झाला. पण त्या गृहस्थांनी परिषदेत तीन दिवस काय ऐकलं, ते कार्यालयात कुणाला सांगितलं का, हे विचारायला त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. माणूस सभागृहात बसला की मुलांना घेऊन समुद्रावर गेला, दोघांची बिलं सारखीच पास होतात. तुमचा संशय खरा की खोटा, ते ठरवायला कागदच नाही.

तेव्हा नुसतं चिडण्यापेक्षा एक करा. कार्मिक खात्याच्या 2013 च्या सूचनांप्रमाणे सहसचिव आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या, तसंच विभागप्रमुखांच्या देश-परदेशातल्या दौऱ्यांची माहिती खात्यांनी स्वतःहून संकेतस्थळावर टाकायची असते: दौरा कसला, कुठे, किती दिवस, बरोबर किती माणसं, खर्च किती. ज्या खात्यावर तुमचा राग आहे त्याचं ते पान उघडा. पान शिळं असेल किंवा नसेलच, तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि त्यात खर्चाच्या आकड्यांबरोबर दौऱ्याच्या अहवालाची प्रतही मागा. उत्तर काय येतं ते इथे कळवा. ‘अहवाल उपलब्ध नाही’ असं आलं, तर तेही कळवा.