कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं नाही

आमच्या शिवाजी पेठेतल्या ग्रुपवर चार दिवस मेसेज फिरतोय: ‘ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप असेल तर साइट सरकारमान्य, बिनधास्त पैसे भरा.’ हे साफ चुकीचं आहे. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यामधली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडचा चोर आहे की साव, हे ते सांगत नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं डिजिटल प्रमाणपत्र ठगालाही फुकट मिळतं. हाच गैरसमज नको म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चिन्ह बदललं.

काल शेजारच्या मावशींना वीजबिल भरायला शिकवलं. त्यांना पत्त्यावर बोट ठेवून तो पूर्ण वाचायला लावला. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी आधी ‘महाडिस्कॉम डॉट इन’, म्हणजे महावितरणच्या साइटचं नाव, असलं पाहिजे. ‘डॉट इन’नंतर रेघेऐवजी आणखी एखादा डॉट आणि नाव आलं, तर साइट दुसऱ्याचीच. मावशींनी दोनदा वाचलं, मगच पुढे गेल्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.